कांद्याच्या मुळांत ईडीयू, पण कंट्रोलही तितकाच हिरवा. कोणता डाय घ्यावा?

मूळशोध (नाशिक):

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवते. यंदा दोघीजणी माझ्याकडे प्रकल्प करताहेत आणि विषय आपल्या गावाला साजेसा आहे. गंगापूर धरणाजवळचं, रामकुंडावरचं आणि शहराच्या खालच्या अंगाचं असं गोदावरीचं पाणी आणायचं, त्यावर कांदे ठेवायचे, मुळं फुटली की टोकं कापून पेशींचं विभाजन बघायचं. लेव्हाननं १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर काम केलं तेव्हापासून ही पद्धत चालत आलेली आहे, त्यामुळे तुलनेला जुनं काम भरपूर सापडतं.

आतापर्यंत आम्ही असिटोकार्माइननं रंगवत होतो. त्यात गुणसूत्रं आवळलेल्या पेशी दिसतात, म्हणजे प्रत्यक्ष विभाजन. पण पाण्यातल्या एखाद्या घटकानं त्याआधीचं डीएनएची नक्कल होण्याचं कामच मंदावलं असेल, तर ते तिथे कळत नाही. म्हणून यंदा ईडीयू घेतलं. थायमिडीन या डीएनएच्या घटकासारखाच रेणू, त्यावर एक छोटा अल्काइन (दोन कार्बनमध्ये तिहेरी बंध असलेला गट). पेशी नवं डीएनए बनवताना थायमिडीनच्या जागी हा उचलते आणि मग अझाइड (तीन नायट्रोजनचा गट) असलेला फ्लुरोसंट डाय क्लिक अभिक्रियेनं त्या अल्काइनला जोडता येतो. याच कामाच्या जुन्या बीआरडीयू रेणूला लागते तशी अँटिबॉडी इथे लागत नाही, हे मला फार आवडलं.

सध्याची पद्धत अशी: मुळं १० मायक्रोमोलर ईडीयूत दोन तास, मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स, नेहमीप्रमाणे १ नॉर्मल एचसीएलमध्ये ६० अंशांवर मऊ, टीई (ट्रिस आणि ईडीटीए) बफरनं धुणं, पेशींत वाट करायला ट्रायटन हा डिटर्जंट. त्यानंतर कॉपर सल्फेट १ मिलीमोलर, सोडियम अस्कॉर्बेट आणि फ्लुरोसीन अझाइड ५० मायक्रोमोलर. अर्धा तास अंधारात, मग धुऊन स्क्वॅश.

दिसतं काय, तर पेशीभित्तिका झकास हिरव्या आणि केंद्रकं फिकट, अंधूक. ईडीयू न दिलेल्या मुळांवरही मुलींनी तंतोतंत हेच केलं, तर तीही तितकीच हिरवी. दोन फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठला हे मलाही सांगता येत नाही.

पुरवठादाराचं म्हणणं आहे, "मॅडम, कॉपर घोटाळा करतंय. डीबीसीओ डाय घ्या, त्याला कॉपर लागतच नाही." त्याची किंमत आमच्या विभागाला जड आहे, पण उपयोग होणार असेल तर मी कुठूनही पैसे उभे करीन. दुसऱ्या एकानं सीवाय५ अझाइड सुचवलाय, तो सगळ्यांत तेजस्वी म्हणून.

आमचा मायक्रोस्कोप मर्क्युरी दिव्याचा आहे. तीन फिल्टर क्यूब आहेत: यूव्ही, निळा आणि हिरवा. कॅमेरा रंगीत. क्लिक अभिक्रिया इतकी अचूक म्हणतात, मग भित्तिका का रंगतात? आणि डाय कोणता घेऊ? मुलींच्या हातात हे वर्ष एवढंच आहे, म्हणून विचारते.

बाणेर_टेकडी:

मॅडम, डीबीसीओची ऑर्डर गेली असेल तर आज फोन करून थांबवा. ईडीयूवर अल्काइन आहे आणि डीबीसीओ हाही अल्काइनच, फक्त आठ अणूंच्या वलयात वाकवून बसवलेला. त्याला जोडीदार अझाइडच लागतो. अल्काइनसमोर अल्काइन ठेवलात तर काहीही होणार नाही, पैसे मात्र जातील. डीबीसीओचे डाय अझाइड असलेल्या रेणूंसाठी असतात. उदाहरणार्थ, पेशींना अझाइड लावलेली साखर खाऊ घालायची आणि पेशीच्या पृष्ठभागावर ती कुठे येते ते बघायचं.

कॉपर टाळण्याचं कारणही तुमच्याकडे नाही. बर्टोझींच्या गटानं २००४ मध्ये ताणलेल्या वलयाची ही युक्ती आणली ती जिवंत पेशींसाठी, कारण कॉपर त्यांना विषारी. तुमची मुळं फिक्स केलेली आहेत.

माझा संशय टीई बफरवर आहे. त्यातलं ट्रिस कॉपर धरून ठेवतं. आम्ही प्रोटीन लेबल करताना ट्रिस कटाक्षानं टाळतो. पीबीएसवर (फॉस्फेटचं खारं बफर) या, बहुतेक सुटेल.

निळा_दिवा:

मूळशोध ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं एका संशोधन संस्थेच्या इमेजिंग विभागात मायक्रोस्कोप सांभाळले, आता इंदिरानगरला राहते. लोक आमच्याकडे डाय विकत घेऊन यायचे आणि मग विचारायचे, तुमच्याकडे याचा फिल्टर आहे का? उलटा क्रम. आधी आपला दिवा आणि क्यूब काय आहेत ते बघावं, मग आपला नमुना स्वतःहून किती चमकतो ते बघावं, आणि डायचं नाव त्यानंतर काढावं.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी एक स्लाइड करा, जिच्यात ईडीयू नाही, कॉपर नाही, डायही नाही. फिक्स केलेलं मूळ, बस. ती तिन्ही क्यूबमध्ये बघा. आणि हे अत्यंत महत्त्वाचं: कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद करा. ते चालू असेल तर कॅमेरा अंधारी स्लाइड ओढूनताणून उजळ करतो आणि कंट्रोल व नमुना सारखेच दिसतात. ईडीयू दिलेल्या मुळावर एक्स्पोजर आणि गेन ठरवा, आकडे वहीत लिहा, बाकी सगळ्या स्लाइड त्याच आकड्यांवर काढा. तुमचे दोन फोटो सारखे दिसण्यामागे थोडा हात याचा असण्याची दाट शक्यता आहे.

भित्तिका का रंगतात, याची उत्तरं दोन. पहिलं, त्या रंगतच नसतील. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमध्ये फिनॉलिक पदार्थ असतात, ते यूव्ही आणि निळ्या प्रकाशात आपणहून निळे-हिरवे चमकतात. आल्डिहाइडनं फिक्स केलं की त्यात आणखी भर पडते. दुसरं, डाय नुसताच चिकटलेला असेल. क्लिकच्या अचूकपणाबद्दल शंका नको. शार्पलेस, मेल्डल आणि बर्टोझी यांना २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल उगाच नाही मिळालं. ह्युस्गेनची जुनी अझाइड-अल्काइन अभिक्रिया तापवावी लागायची आणि दोन प्रकारच्या उत्पादनांची खिचडी द्यायची. २००२ मध्ये मेल्डल आणि शार्पलेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की एकसंयुजी कॉपर घातलं की तीच अभिक्रिया साध्या तापमानाला, पाण्यात, एकच उत्पादन देते. पेशीत अझाइड नसतो, असा अल्काइनही जवळपास नसतो, म्हणून ते एकमेकांनाच शोधतात. पण हा अचूकपणा त्या जोडणीचा. अझाइडच्या मागे जो डाय लोंबतो तो मोठा, चपट्या वलयांचा रेणू आहे. त्याला कुठेही चिकटायला क्लिकची गरज नाही. ५० मायक्रोमोलर म्हणजे तुम्ही त्याला चिकटायला भरपूर संधी देताय. ५ वर या. सिग्नल फारसा पडणार नाही, पार्श्वभूमी पडेल.

आता दिवा. मर्क्युरी दिव्याचा प्रकाश सगळ्या तरंगलांबींना सारखा नसतो. ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपास उंच शिखरं असतात, मध्ये दऱ्या. फ्लुरोसीनला हवा ४९० च्या आसपासचा प्रकाश, म्हणजे नेमकी दरी. त्यात तुमच्या निळ्या क्यूबच्या पट्ट्यात भित्तिका स्वतः चमकतात. शिवाय फ्लुरोसीन आम्लाला घाबरतो. त्याचा पीकेए ६.४ च्या आसपास आहे, म्हणजे पीएच सहाला आला की निम्म्याहून जास्त चमक गेली. आणि दिव्याखाली तो विझतोही लवकर. कांद्याच्या मुळासाठी तुमच्या मायक्रोस्कोपवर यापेक्षा गैरसोयीचा डाय मला सुचत नाही. त्यात तुमचा दोष नाही, सगळे प्रोटोकॉल त्यालाच पुढे करतात कारण तो स्वस्त आहे.

सीवाय५ कागदावर फार देखणा. त्याची शोषणक्षमता २,५०,००० च्या घरात, फ्लुरोसीनची ७५,००० च्या. पण त्याला हवा ६५० चा लाल प्रकाश आणि तो बाहेर टाकतो ६७० ला. तुमच्याकडे तो क्यूब नाही, मर्क्युरी दिव्याचं तिथे शिखर नाही, आणि ६७० ला आपला डोळाही जवळजवळ आंधळा. मुली आयपीसला डोळा लावून बसतील आणि काही दिसणार नाही.

तुमच्यासाठी टॅमरा अझाइड. ५५० च्या आसपास शोषतो, ५८० च्या आसपास नारिंगी-लाल प्रकाश देतो. हिरवा क्यूब तुमच्याकडे आहे आणि मर्क्युरीचं ५४६ चं शिखर जणू त्याच्यासाठीच केलंय. पीएचची कटकट नाही, फ्लुरोसीनपेक्षा टिकतोही जास्त. सल्फो-सीवाय३ अझाइडही त्याच क्यूबमध्ये बसतो, पाण्यात जास्त विरघळतो आणि कमी चिकटतो, पण महाग. आधी टॅमरा. मुळांत हरितद्रव्य नाही, त्यामुळे लाल बाजूला त्याचाही त्रास नाही. फक्त कांदे अंधारात ठेवा. सगळी केंद्रकं मोजायला डॅपी (डीएनएला चिकटणारा निळा डाय), ते यूव्ही क्यूबमध्ये ३६५ च्या शिखरावर छान चालतं. टॅमराची केंद्रकं भागिले डॅपीची केंद्रकं, हा तुमचा एस फेजचा, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याच्या टप्प्याचा आकडा.

आता क्लिक होतंय का, हा वेगळा प्रश्न, आणि मला वाटतं ते नीट होत नाहीये. बाणेर_टेकडी, तुमचा सल्ला प्रोटीनसाठी बरोबर आहे, तिथे कॉपर ५० ते २५० मायक्रोमोलर असतं आणि टीएचपीटीएसारखा लिगँड (कॉपरला धरून काम करू देणारा रेणू) घालतात, ट्रिस मध्ये आलं की वेग मंदावतो. पण फिक्स केलेल्या पेशींतल्या ईडीयूची २००८ ची मूळ कृतीच ट्रिसमध्ये आहे. तिथे कॉपर मिलीमोलरमध्ये आणि अस्कॉर्बेट भरपूर, म्हणून ट्रिसचं काही चालत नाही. टीईमधला खरा चोर ईडीटीए. टीईमध्ये तो १ मिलीमोलर असतो, तुमचं कॉपरही १ मिलीमोलर. एका रेणूला एक असं घट्ट धरतो आणि मग सोडत नाही. मुळाच्या आत मुरलेलं टीई नुसतं वरून निथळून जात नाही. ईडीटीए क्लिकनंतर धुताना वापरा, तिथे तो उरलेलं कॉपर काढतो आणि उपयोगी पडतो. आधी साधं पीबीएस.

एचसीएल सोडा. मला माहीत आहे, वनस्पतिशास्त्रात मूळ म्हटलं की हात आपोआप आम्लाच्या बाटलीकडे जातो. पण ६० अंशांवरचं आम्ल डीएनएमधले प्युरीन उडवतं, धागे तुटतात, तुकडे धुताना निघून जातात. बीआरडीयूला आम्ल लागायचं ते अँटिबॉडीला आत शिरता यावं म्हणून. ईडीयूचा मोठा फायदा हाच की अझाइड-डाय इतका लहान आहे की डीएनए उघडावं लागत नाही. मऊ करायला सेल्युलेज आणि पेक्टिनेज वापरा, ३७ अंशांवर, टोक सुईनं दाबलं की पसरेल इतकंच. दोन मिलिमीटरचं टोक पुरे. मग त्याच छोट्या ट्यूबमध्ये ट्रायटन, क्लिक, धुणं आणि शेवटी स्क्वॅश. अख्ख्या कडक मुळात डाय बाहेरच्या थरांपलीकडे पोहोचत नाही.

१ मिली मिश्रणाचं माप लिहून घ्या. ट्रिस १०० मिलीमोलर, पीएच ८.५: ८८५ मायक्रोलिटर. कॉपर सल्फेट १०० मिलीमोलरचं (निळ्या खड्यांचं २५ मिलीग्रॅम, १ मिली पाण्यात): १०. टॅमरा अझाइड डीएमएसओमध्ये १ मिलीमोलर: ५. सगळ्यांत शेवटी सोडियम अस्कॉर्बेट १ मोलर (१९८ मिलीग्रॅम, १ मिलीत): १००. क्रम बदलू नका. अस्कॉर्बेट पडल्या क्षणापासून घड्याळ चालू होतं, कारण एकसंयुजी कॉपर हवेतल्या ऑक्सिजननं परत दुसंयुजी होत राहतं. मिश्रण लगेच मुळांवर घाला, अर्धा तास अंधारात.

अस्कॉर्बेट मात्र त्याच सकाळी विरघळवलेलं. ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. ताजं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असतं. पिवळसर झाक आली की ते ऑक्सिडाइज झालं, टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी. आमच्याकडे "क्लिक झालं नाही" म्हणून यायचे त्यांतल्या बहुतेकांची ट्यूब पिवळी असायची. पावडरची बाटलीही घट्ट बंद, कोरडी, अंधारात.

आणि फ्रिजमधल्या बफरच्या बाटल्यांची लेबलं वाचा. बुरशी लागू नये म्हणून पुष्कळ द्रावणांत ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात. ते ३ मिलीमोलर झालं. तुमचा डाय ५ मायक्रोमोलर. अल्काइनभोवती आणि कॉपरभोवती तुमच्या डायच्या सहाशे पट परका अझाइड घुटमळत असेल तर काय उरणार?

उगाव_निफाड:

रसायनातलं मला फारसं कळत नाही, कांद्यातलं कळतं. ताई, कांदा कुठून घेताय? बाजारातून आणत असाल तर एक ध्यानात घ्या, लासलगावला कांद्यावर गॅमा किरण देण्याचं केंद्र आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावरचं, २००२ पासूनचं. कोंब येऊ नये म्हणून किरण देतात, म्हणजे वाढणाऱ्या पेशींनाच मार बसलेला. खायला काही अडचण नाही, पण तुम्ही नेमक्या त्याच पेशी मोजताय. वरून बघून ओळखू येत नाही.

ओळखीच्या शेतकऱ्याच्या कांदाचाळीतला उन्हाळ कांदा घ्या, एकाच वाणाचा. एन २-४-१ असेल तर उत्तम. नुकता काढलेला घेऊ नका, तो झोपलेला असतो, मुळं वेळेवर धरत नाही. चाळीत काही महिने राहिलेला चांगला. बुडाची जुनी वाळकी मुळं ब्लेडनं खरवडून मग पाण्यावर ठेवा. किंवा सरळ कांद्याचं बी ओल्या कागदावर रुजवा, सगळी मुळं एका वयाची मिळतील. बी पाहिजे असेल तर इथेच सांगा, घरचं आहे.

मूळशोध (नाशिक):

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डीबीसीओची ऑर्डर दिलेली नव्हती, आता देणारही नाही.

निळा_दिवा ताई, कोरी स्लाइड केली. ऑटो एक्स्पोजर बंद करून. निळ्या क्यूबमध्ये भित्तिका हिरव्या, अगदी आमच्या फोटोंसारख्याच, डायचा थेंबही नसताना! हिरव्या क्यूबमध्ये त्याच जागी जवळजवळ काळोख. मुलींना आयपीसमधून दाखवलं तेव्हा दोघी गप्पच झाल्या, आणि मग एकीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे आपण इतके दिवस भित्तिकेचेच फोटो काढत होतो?" तिला म्हटलं, हो, आणि आता ते आपल्याला माहीत आहे, प्रबंधात हा फोटो पहिला घालायचा.

टीई बंद, एचसीएल बंद. एन्झाइम मागवले. उन्हाळ कांदा उगावहून नक्की घेऊ, बीसुद्धा हवं आहे.

दोन शंका. टॅमरा अझाइडची ५-आयसोमर, ६-आयसोमर आणि मिश्र अशी तीन रूपं दिसतात, मिश्र खूप स्वस्त आहे. चालेल का? आणि आमच्या रसायनशास्त्र विभागातले एक सर उत्साहानं म्हणताहेत की टॅमराचा एनएचएस एस्टर (अमाइनला जोडला जाणारं रूप) त्यांच्याकडे पडून आहे, सोडियम अझाइडही आहे, अझाइड आपणच बनवू. पैसे वाचतील, मुलांना शिकायलाही मिळेल. करावं का?

अंबडलिंकरोड:

मी अंबडच्या औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट आहे, अझाइडचे बॅच हाताखालून गेलेत, म्हणून लिहितो. सरांना माझा नमस्कार सांगा आणि हे करू नका.

एनएचएस एस्टरला जोडायला अमाइन असलेला अझाइड लागेल, बहुधा ३-अझाइडोप्रोपिलअमाइन. अझाइडसाठी आम्ही एक हिशोब करतो: रेणूतले कार्बन आणि ऑक्सिजन मिळून जितके, त्याला नायट्रोजनच्या संख्येनं भागा. उत्तर ३ किंवा जास्त आलं तर साधारण निर्धास्त. १ च्या खाली आलं तर तो पदार्थ वेगळा काढून कोरडा करायचाच नाही. ३-अझाइडोप्रोपिलअमाइनमध्ये कार्बन ३, नायट्रोजन ४. उत्तर पाऊण. रोटाव्हेपवर आटवताना तो फुटू शकतो. तयार टॅमरा अझाइडमध्ये कार्बन २८, ऑक्सिजन ४, नायट्रोजन ६, म्हणजे पाचाच्या वर. तो बाटलीत शांत बसतो. धोका बनवण्यात आहे, वापरण्यात नाही.

सोडियम अझाइड आहेच तर दोन शब्द त्याच्याबद्दल. आम्लाशी गाठ पडली की हायड्राझोइक आम्ल होतं, ते उडून जातं, विषारी आहे आणि स्फोटकही. डायक्लोरोमिथेनबरोबर कधीही नाही, त्यातून डायअझाइडोमिथेन होतं, ते भयंकर. धातूचा चमचा नको, प्लास्टिकचा घ्या. आणि सिंकमध्ये ओतू नका. जुन्या इमारतींत तांब्याच्या किंवा शिशाच्या जोडण्या असतात, तिथे त्या धातूंचे अझाइड साठत जातात आणि पुढे कधीतरी प्लंबर पाना लावतो. विद्यार्थी असतात तिथे ही जोखीम कोणी घेऊ नये. क्लिकनंतरचं कॉपरचं पाणीही वेगळ्या कॅनमध्ये जमा करा, गोदावरीसाठीच प्रकल्प करताय ना.

आयसोमरचं सोपं आहे. मिश्र घ्या. ५ आणि ६ च्या रंगात स्लाइडवर कळेल असा फरक नाही. लेबल केलेला रेणू एचपीएलसीवर शुद्ध करायचा असता तर दोन शिखरं आली असती आणि डोकं उठलं असतं. तुम्हाला तो प्रसंग येत नाही.

निळा_दिवा:

अंबडलिंकरोड यांच्या प्रत्येक वाक्याखाली माझी सही.

ताई, पैशांची काळजीही फार नको. टॅमरा अझाइडचा रेणूभार सुमारे ५१२. १ मिलीग्रॅमची सगळ्यांत छोटी कुपी घ्या, त्यात १९५ मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ घाला, १० मिलीमोलर स्टॉक झाला (वरच्या मापात घालण्याआधी तो डीएमएसओनं दहापट पातळ करा, म्हणजे १ मिलीमोलर होईल). एका ट्यूबला २०० मायक्रोलिटर मिश्रण धरलं तर ५ मायक्रोमोलरनं एकूण १,९०० च्या वर ट्यूब निघतात. पुढच्या कितीतरी तुकड्यांना पुरेल. पाच मिलीग्रॅमची बाटली "स्वस्त पडते" म्हणून गळ्यात मारतील, घेऊ नका.

कंट्रोल मात्र पूर्ण करा. ईडीयू नाही पण बाकी सगळं आहे, असं एक मूळ. ईडीयू आणि डाय आहे पण कॉपर नाही, असं दुसरं. पहिल्यात लाल दिसलं तर डाय नुसता चिकटतोय, दुसऱ्याशी ताडून बघा. तिसरं, ईडीयूच्या आधी आणि बरोबर हायड्रॉक्सियुरिया दिलेलं. त्यानं डीएनएचा कच्चा माल अडतो, केंद्रकं काळी राहायला हवीत. हे तिसरं करायला लोक कंटाळतात, पण तुमचा विषयच "पाण्यामुळे एस फेज मंदावतो का" हा आहे. मंदावलेला एस फेज तुमच्या हाताखाली कसा दिसतो हे आधी डोळ्यांनी बघितलेलं असलं पाहिजे, नाहीतर रामकुंडाच्या पाण्यात केंद्रकं फिकी आली तर ते पाण्यामुळे की क्लिक बिघडल्यामुळे, हे ठरवणार कसं? प्रत्येक वेळी धरणाच्या पाण्यातली, नळाच्या पाण्यातली आणि हायड्रॉक्सियुरियातली मुळं एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून काढा.

साठवण: स्टॉकचे १० मायक्रोलिटरचे वाटे करा, ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून थंड ट्यूब लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. वीज गेली आणि फ्रीझर काही तास बंद राहिला तरी घाबरू नका. एनएचएस एस्टर ओलाव्यानं खराब होतो, अझाइड होत नाही. प्रकाश तेवढा टाळा. सरांकडचा तो पडून असलेला एनएचएस एस्टर मात्र बाटली उघडून बराच काळ झाला असेल तर आता कशालाच भरवशाचा नाही.

स्लाइड ग्लिसरॉल-पीबीएसमध्ये बसवा आणि त्याच दिवशी फोटो घ्या. आधी हिरवा क्यूब, मग यूव्ही. उलटं केलंत तर डॅपी शोधता शोधता टॅमरा विझायला लागतो. पहिली स्लाइड झाली की फोटो इथे टाका, एक्स्पोजरच्या आकड्यांसकट.